भिंतीवर काय लावायचं

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तू काम शिकायला गेलीस त्या कलादालनात तुला आधी चित्रांच्या पाट्या लिहायला आणि आलेल्या चित्रांच्या स्थितीच्या नोंदी करायला बसवलं, हे काल फोनवर कळलं. चांगलं झालं. एटीडीला, म्हणजे कलाशिक्षकाच्या पदविकेला, रेखाटन, रंगसंगती, पाठ टाचण सगळं शिकवतात; चित्र पूर्ण झाल्यावर ते लोकांपुढे कसं ठेवायचं, ते मात्र राहून जातं.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटीमीटरवर धरतात, तो मोठ्या माणसाच्या नजरेचा हिशोब. आपल्या पाचवीच्या पोरांसाठी तो बराच खाली आणावा लागेल. जलरंगातल्या कामांवर उजेड 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच का ठेवतात, तेही विचारून घे. आपल्या व्हरांड्यात दुपारचं ऊन थेट भिंतीवर येतं, आणि दिवाळीत लावलेली चित्रं परीक्षेपर्यंत फिकी पडतात.

पण तू सगळ्यात जास्त लक्ष द्यावंस ते निवडीकडे. तिथल्या क्युरेटर बाई, म्हणजे प्रदर्शनासाठी चित्रं निवडून मांडणाऱ्या, एखादं उत्तम चित्र बाजूला का ठेवतात आणि साधं वाटणारं का घेतात, हे त्यांना रोज विचार. शाळेत आपण बक्षिसाची, इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळवणाऱ्या मुलांची सफाईदार स्थिरचित्रं दर्शनी लावतो. बाकीची कपाटात जातात. ही रीत मुलांवर अन्याय करते, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा नदीची चार चित्रं शेजारी शेजारी लाव. एकाची निळीशार, एकाची गढूळ, एकीने नुसते धुणं धुणारे हात काढलेले. पोरं तिथे थांबतील, वाद घालतील. रसग्रहणाचा तास तिथेच घे.

रविवारी भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय बघ. 1872 साली लोकांसाठी उघडलेल्या त्या वास्तूत 2011 मध्ये चित्रकार जितिश कल्लाट यांनी आपली कामं जुन्या संग्रहाच्या सोबतीने मांडली होती. नवं काम जुन्या वस्तूंशी कसं बोलेल, याचा विचार त्या दालनांत उभं राहून कर.

परत आलीस की मुलांना औंधला नेऊ. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेलं भवानी संग्रहालय आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. रविवर्मा, धुरंधर हे चित्रकार, अगदी इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचंही काम तिथे आहे. परवानगीचं पत्र मी टाकतो. मुलांना द्यायचा प्रश्नांचा कागद मात्र तू बाईंना दाखवून पक्का करून आण. पाच प्रश्न पुरेत.

तुझे,
बाबा