आई, तो ऑक्सिजनचा मास्क नाही

सिडनी,
तुळशीच्या लग्नाचा आठवडा

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सगळे मजेत. चिऊ ठणठणीत आहे. क्लिनिकमध्ये वजन केलं ते वाढलेलं निघालं. तुपाचा डबा बघता बघता संपतो आणि इथले डॉक्टर त्यावर वर शाबासकी देतात, तेव्हा तिच्या खाण्याची काळजी सोडा. फोन होतातच, पण फोनवर एक तर रेंज जाते, नाहीतर आई तू रडायला लागतेस आणि महत्त्वाचं राहून जातं. म्हणून लिहायला बसले. बाबांनी मोठ्यानं वाचावं, मध्ये कुणी बोलायचं नाही.

आधी त्या मास्कचं. परवा व्हिडिओ कॉलवर चिऊच्या तोंडाला मास्क दिसला, मागे मशीनची घरघर ऐकू आली, आणि ‘पोरीला ऑक्सिजनवर ठेवलंय नि मला सांगत नाहीत’ म्हणून तू रात्री जेवली नाहीस, असं पिंट्या म्हणाला. आई, तो ऑक्सिजन नव्हे. मिठाचं पाणी आहे, एवढंच. बोटाएवढ्या प्लास्टिकच्या कुपीत चार मिली पाणी, त्यात 7 टक्के मीठ. दवाखान्यात हाताला लावतात त्या सलाईनमध्ये 0.9 टक्के असतं, समुद्रात साधारण साडेतीन. म्हणजे हे समुद्राच्या दुप्पट खारट. मशीन त्याचं धुकं करतं आणि चिऊ ते ओढते. तिच्या आजारात, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिसमध्ये, पेशींमधून मीठ-पाण्याची ये-जा नीट होत नाही, म्हणून घाम खारट आणि छातीतला कफ चिकट, हे तुम्हाला माहीत आहे. मीठ जाईल तिथे पाणी ओढून घेतं, हे मी तुला काय सांगणार. कफाला पाणी सुटलं की तो हलतो, हलला की खोकून वर येतो. मशीन बंद झाल्यावर ती जी खोकते ते ऐकून घाबरायचं नाही. तो खोकला आम्हाला हवाच असतो.

बाबा, तुम्हाला चटकन कळेल. द्राक्षबागेत फवारणीच्या ब्लोअरचा नोझल बिघडला की थेंब मोठे पडतात, वरची पानं भिजतात आणि घडाच्या आत औषध पोचतच नाही. इथेही तसंच. थेंब साधारण पाच मायक्रॉनच्या आतला असला तर छातीत खोल उतरतो, मोठा झाला तर घशातच बसतो. म्हणून औषधाचा कप दर वेळी साबणाच्या गरम पाण्यानं धुवायचा, बाळाच्या बाटल्यांच्या स्टरिलायझरमध्ये वाफेवर घालायचा आणि खडखडीत वाळवायचा. सिंकच्या ओलीत स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो. तो तुम्हा-आम्हाला काही करत नाही, पण अशा मुलांच्या छातीत एकदा मुक्कामाला आला की हलायचं नाव घेत नाही. हे कपाचं काम ह्यांनी स्वतःकडे घेतलंय. जावई भांडी घासतो हे गावात सांगू नका. किंवा सांगा, मला काय.

मामी म्हणाली, एवढे लाड कशाला, पकडून बसवा आणि लावा मास्क. मामीला सांग, रडणाऱ्या पोराच्या छातीत औषध जवळजवळ जातच नाही. पोर लांबलचक श्वास सोडत रडतं आणि एक हिसका देऊन आत घेतं, त्या हिसक्यात सगळं घशात आपटतं आणि पोटात जातं. मास्क गालापासून बोटभर लांब धरला तरी तेच, धुकं खोलीला मिळतं. म्हणून जबरदस्ती करत नाही, कार्टून लावतो. होय, रोज. होय, डोळ्यांचंही माहीत आहे. तोंडात नळी धरून ओढायला ती आता शिकतेय, कारण नाकातून घेतलं की बरंचसं नाकातच अडकतं. पण सकाळी अर्धवट झोपेत असली की मास्कच बरा. तू पाहिलास तो तेव्हाचा.

शेजारच्या काकूंनी विचारलं ते निळ्या पंपाचं. त्याची सवय लागत नाही. एवढ्या खारट पाण्यानं श्वासनळ्या आखडू शकतात, म्हणून वाट मोकळी राहावी यासाठी तो आधी द्यायचा. फ्रिजमधलं औषध वेगळं. कफात मेलेल्या पेशींच्या डीएनएचे धागे असतात, ते हे औषध कापतं. 1993 पासून वापरात आहे, काल आलेलं नाही. ते मिठाच्या पाण्यात मिसळायचं नसतं, त्याची वेगळी पाळी. ओव्याची पुरचुंडी, निलगिरीची वाफ यातलं काही लागत नाही. पाठवलेला ओवा मी भज्यांत घातला, छान झाली होती.

बाबा, तुम्ही पाठवलेलं ‘लहान मुलांना मिठाच्या धुक्याचा उपयोग नाही’ हेही वाचलं. अभ्यास खरा आहे, अमेरिका आणि कॅनडातला, 2012 चा. चार महिने ते पाच वर्षं वयाची 321 मुलं, 48 आठवडे, काहींना 7 टक्के आणि काहींना साधं सलाईन. छातीचं दुखणं उफाळण्याच्या खेपा दोन्हीकडे सारख्याच निघाल्या. मी हे आमच्या डॉक्टरांपुढे ठेवलं. त्या म्हणाल्या, एवढ्या लहान पोरांना सर्दी-खोकला सुरूच असतो, नुसत्या खेपा मोजून फरक दिसणं कठीण. पुढे 2019 मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास आला. त्यात फुप्फुसात हवा सगळीकडे सारखी खेळते का, हेच मुख्यतः पाहिलं, आणि 7 टक्केवाल्यांची बरी खेळत होती. जर्मनीत तान्ह्या बाळांवर 6 टक्क्यांचं पाणी वापरलं, तिथेही तेच दिसलं. फॉरवर्ड करणाऱ्यानं पुढचं पान उलटलंच नाही.

आणि या आजारावरच्या नव्या गोळ्यांचं. त्या आल्यात, ज्यांना लागू पडतात त्यांचं आयुष्य पालटलंय, सगळं खरं. पण कुणाला द्यायच्या हे जनुकात कोणता बदल आहे त्यावर ठरतं. गोऱ्यांत सर्रास सापडणारा जो एक बदल आहे तो आपल्याकडच्या मुलांत कमी, आणि चिऊत नाहीच. तिच्या बदलांसाठी काय करता येईल ते डॉक्टर बघतायत. तोवर मशीन झिंदाबाद.

आता समुद्राचं, ज्यावरून तुम्ही दोघं माझ्याशी धड बोलत नाही आहात. कफाच्या पोरीला पाण्यात घालता म्हणजे तुमची अक्कल गहाण आहे का, हे बाबांचं वाक्य पोचलं.

हे मिठाच्या पाण्याचं औषध निघालंच मुळी इथल्या समुद्रावरून. याच आजाराची जी तरुण मुलं लाटांवर सर्फिंग करतात त्यांची छाती इतरांपेक्षा बरी राहते, हे ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या नजरेला आलं. त्यातून मग मोठा अभ्यास झाला. 2006 मध्ये निकाल छापून आला: सहा वर्षांपुढचे 164 रुग्ण, 48 आठवडे, आणि 7 टक्क्यांच्या पाण्यावर असलेल्यांची उफाळणारी दुखणी निम्म्याहून खाली आली. तेव्हा समुद्राला शिव्या देऊ नका.

इथे ‘निपर्स’ म्हणून एक प्रकार असतो. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे इकडचा उन्हाळा, रविवारी सकाळी पाच ते चौदा वर्षांची पोरं किनाऱ्यावर गोळा करतात. गोळा म्हणजे किती, तर आपल्या शाळेची प्रार्थना भरते तेवढी. सगळ्यांच्या अंगात डोळ्यात भरेल असं भडक गुलाबी, हनुवटीखाली बांधलेली रंगीत टोपी, ऊन लागू नये म्हणून नाकावर पांढरं झिंक फासलेलं. आई-बाप हातात कॉफी घेऊन वाळूत उभे. पाणी बर्फासारखं गार, वारा सुटलेला, पोरांचे दात वाजतायत, आणि एकही बाई ‘अगं स्वेटर घाल’ म्हणत नाही. पहिल्या दिवशी मी टॉवेल घेऊन चिऊच्या मागे धावले तर एका आजींनी हसून माझा दंड धरला.

खेळ कसला, तर पोरांनी वाळूत पालथं पडायचं, पाय पाठीमागच्या बाजूला, हनुवटी हातांवर. पायांकडे बऱ्याच लांब रबरी नळीचे तुकडे रोवलेले, पोरांपेक्षा कमी. शिट्टी झाली की उठायचं, गर्रकन वळायचं, धावायचं आणि नळीवर झेप टाकायची. जिला मिळाली नाही ती बाद. हे परत परत, उरेल त्याचं नाव होईपर्यंत. मग पाण्यात. लहान गटाला आत नेत नाहीत, पायाखाली वाळू लागेल तिथवरच. नारिंगी बनियनवाली मोठी माणसं समोर उभी राहतात, आणि सगळं पोहायची जागा दाखवणाऱ्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधोमध. कुणाला पगार नाही. यातलीच पोरं मोठी होऊन रविवारी फुकट जीवरक्षक म्हणून उभी राहतात. आपण तासगावची माणसं, आपला समुद्र म्हणजे गणपतीपुळ्याला घोट्यापर्यंत, साडी वर धरून. मला अजूनही पुरतं उमगलेलं नाही की माणसं सुट्टीच्या दिवशी उजाडता उठून पोरांना वाळूत का लोळवतात. पण घरून तासभर गाडी चालवून जातो, परत येताना चिऊ गाडीत मनसोक्त खोकते आणि दुपारी गाढ झोपते.

डॉक्टरांना विचारूनच चाललंय. पळणं तिला चांगलं, समुद्रही चालतो, साचलेलं कोमट पाणी मात्र नको. उन्हात जाताना मिठाच्या गोळ्या लागतात. आई, बीपीचं मनात आणू नकोस. हिचं मीठ घामावाटे निघून जातं. 1948 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली तेव्हा याच आजाराची मुलं जास्त करून कोसळली होती, आणि त्यातूनच पुढे घामाची तपासणी निघाली. तुला मीठ कमी, तिला जास्त. आपापल्या डॉक्टरांचं ऐकायचं.

‘परत या, इथे सांभाळायला चार माणसं आहेत’ हेही ऐकलं. बाबा, इथे जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून रक्त घेतात, आमच्या राज्यात या आजारासाठी 1981 पासून. चिऊला एक दिवसही खोकला नव्हता तेव्हाच आम्हाला कळलं. तिकडे असतो तर दमा म्हणून वर्षं गेली असती, हे मी कुणाला कमी लेखायला म्हणत नाही. चार माणसं इथे नाहीत, ते मात्र खरं. क्लिनिकमध्ये अशा आजाराच्या मुलांना एकमेकांजवळ बसूही देत नाहीत, जंतूंची देवाणघेवाण नको म्हणून, त्यामुळे तिथल्या आयांशीही ओळख होत नाही. मशीन चालू असताना शेजारी गोष्ट सांगायला आजी असती तर कार्टून लागलं नसतं, एवढं कळतं मला. असो.

पैशांचं. औषधं सरकारी भावात मिळतात. पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, तिच्या जन्माआधी हातात आलं होतं, हे नशीबच. पण मी कामाचे दिवस कमी केलेत, त्यामुळे जानेवारीपासून सोसायटीच्या हप्त्याला नेहमीपेक्षा थोडे कमी येतील. ‘बेदाण्याला दर लागू दे, मग बघू’ असं बाबा म्हणणार, म्हणून आत्ताच सांगतेय. ढगाळ हवेत द्राक्षांवर डावणी रोगाची धास्ती तुम्हाला आहेच, त्यात माझी भर. पिंट्याच्या लग्नाचे मात्र वेगळे काढलेत, त्यांना हात लावलेला नाही. मंगळसूत्र माझ्याकडून.

आणि पिंट्याचंच. मामाच्या पोरीशी ठरतंय, ती घरात येणार म्हणजे मला बहीण मिळाली. पण साखरपुड्याआधी एक करा, माझ्यासाठी करा. चिऊचा आजार ह्यांच्याकडून एक आणि माझ्याकडून एक, असे दोन बदल जुळून आलाय. माझा बदल तुमच्या दोघांपैकी एकाकडून आलेला असणार. ज्याच्याकडे एकच असतो त्याला काही होत नाही, शंभर वर्षं जगतो, म्हणून कुळात कुणाला नव्हतं यावर भांडण्यात अर्थ नाही. पिंट्या माझा सख्खा भाऊ, म्हणजे त्याच्याकडे तो असण्याची शक्यता निम्मी. तो आईकडून आलेला असेल तर मामाकडेही निम्मी, आणि त्याच्या पोरीकडे पाव. दोघांकडे निघाला तर त्यांच्या दर बाळाला चारात एक.

म्हणून आधी फक्त आई आणि पिंट्या यांचं रक्त द्या. दोघांपैकी कुणाही एकाकडे जरी तो नाही असं आलं, तर मामाकडे विषय काढायचीच गरज नाही, त्याला सांगितलेला ‘दमा’ तसाच राहू दे. माझ्या रिपोर्टात जो बदल लिहिलाय तेवढाच शोधायचा, सगळं जनुक वाचायचं नाही, त्यामुळे खर्चही कमी. आणि दोघांकडे निघालाच, तर मामाशी मी बोलेन. तुम्ही बोलू नका. लग्न मोडा असं माझं म्हणणं नाही, त्यावर पुढे उपाय असतात, पण ते आधी कळलं तरच. आई, तुझ्यात दोष काढते असं वाटून घेऊ नकोस. माझ्यातही तोच आहे.

लग्नाला मी येईन. एकटी, आणि थोडेच दिवस. चिऊला आणणार नाही. इतका लांबचा विमानप्रवास, मांडवातली धूळ, त्यात कप उकळत बसायचं. रागावू नका. मेच्या पहिल्या पंधरवड्यातली तारीख तेवढी धरू नका, ह्यांना तेव्हा रजा मिळत नाही आणि चिऊजवळ कुणीतरी हवं.

आजीला नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

तुमची,
ताई

ता. क. रिपोर्टची प्रत सोबत आहे, फोटो पिंट्याच्या फोनवरही पाठवलाय. त्यानं तो डॉक्टरांना दाखवावा, फॅमिली ग्रुपवर टाकू नये.