गोळी आधी, बांगडा नंतर

मुलुंड, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबांच्या पार्किन्सनच्या गोळीचा नि जेवणाचा विषय काढला की आई "बरं बरं" म्हणते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून लिहून काढतेय.

आज गिरगावात जेवून उठलो आणि बाबा उंबऱ्याशी थिजले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. आई, तू लगेच म्हणालीस, "गोळी लागूच पडत नाही हल्ली." पण सकाळची गोळी त्यांनी पोह्यांच्या तासभर आधी घेतली होती, आणि दहा वाजता शर्टाची सगळी बटणं स्वतः लावली. दुपारची तू दिलीस बांगड्याच्या कालवणाबरोबर, पहिल्या घासाला.

या गोळीतलं लेव्होडोपा हे औषध आतड्यातून रक्तात आणि तिथून मेंदूत ज्या दाराने शिरतं, त्याच दाराने मासे, डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं पचून झालेली काही द्रव्यंही शिरतात. गर्दी झाली की गोळी मागे राहते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास, नाहीतर जेवणानंतर तासाभराने. मळमळलं तर एखादं बिस्किट चालेल, दूध नको. लोहाच्या गोळीतही दोन तासांचं अंतर ठेव.

आता लगेच डाळ-मासे बंद करू नकोस! तुझा स्वभाव माहितीये. बाबांच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलंय, प्रथिनं हवीतच. दुपारी भात-भाजी नि बेताची आमटी, मासे रात्री, असं करून बघता येतं. पण आधी डॉक्टरांना विचारू. गुरुवारी मी येतेच आहे. चहाचा ठसका लागतो तेही तेव्हाच सांगायचंय.

बाबा, खाण्याने पार्किन्सन बरा होत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. पण पोट साफ होत नाही त्याला भाकरी, पालेभाजी, पपई आणि पाणी लागतंच. रात्री उठावं लागतं म्हणून दिवसभर कोरडं राहायचं? संध्याकाळपर्यंत पिऊन घ्या.

आणि शेजारच्या काकांनी दिलेली खाजकुइलीची पूड कपाटात वर ठेवून दिलीये. तिच्यात लेव्होडोपाच असतं, तीच तर भीती. गोळीवर आणखी किती पोटात जातंय, कोण मोजणार?

कॅलेंडरच्या चौकोनात गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि बाबा कधी अडकले ते लिहीत जा. पेन दोऱ्याने खिळ्याला बांधून आलेय. आई, तो दोरा गजऱ्याला नेऊ नकोस.

तुमची,
बेबी