मॅकडोनाल्ड आले, मोवॅट राहिले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

केंद्र-राज्य संबंधांवरील आपल्या लेखात कॅनडाचा दाखला आहे. वकिलीतून पंतप्रधानपदी गेलेल्या जॉन ए. मॅकडोनाल्ड यांनी १८६७ मध्ये केंद्र बळकट ठेवलं, शेषाधिकार (वाटणीत न आलेले उरलेले अधिकार) ओटावाकडे, म्हणजे केंद्राकडे दिले, आणि तीच घडण आपल्याकडे आली, इथे लेख थांबतो. कागदापुरतं ते बरोबर आहे. कागदाचं पुढे काय झालं, ते मात्र ऑलिव्हर मोवॅट यांच्याशिवाय सांगता येत नाही.

किंग्स्टनमध्ये १८२० साली जन्मलेले मोवॅट वकिलीची उमेदवारी करायला मॅकडोनाल्ड यांच्याच कचेरीत लागले. गुरू शिष्याहून जेमतेम साडेपाच वर्षांनी मोठा. १८४१ मध्ये सनद, १८६४ मध्ये संघराज्याचा आराखडा ठरवणारी क्वेबेक परिषद, मग आठ वर्षं चॅन्सरी कोर्टाचं न्यायाधीशपद. १८७२ मध्ये ती खुर्ची सोडून ते ऑन्टारिओ प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखे, झाले, ते १८९६ पर्यंत. अ‍ॅटर्नी जनरलचं पदही त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. म्हणजे कायदा करणारा आणि कोर्टात तो निभावणारा एकच. (आपले मुरूडचे विश्वनाथ नारायण मंडलिक त्याच काळात मुंबईच्या कायदे कौन्सिलात होते, पण सरकारनियुक्त.)

केंद्राचं खरं हत्यार होतं १८६७ च्या घटना-कायद्यातलं कलम ९०. प्रांताचा कायदा हाती आल्यापासून वर्षाच्या आत केंद्र तो रद्द करू शके, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नसे. ऑन्टारिओतल्या मिसिसिपी नदीवर (अमेरिकेतली ती वेगळी) मॅक्लॅरन नावाच्या लाकूडव्यापाऱ्याने ओंडके उतरवायला घसरणी बांधल्या होत्या, आणि नदीच्या वरच्या अंगाला लाकूडतोड करणाऱ्या कॉल्डवेलला तो वाट देईना. मोवॅटनी १८८१ मध्ये कायदा केला: वाजवी पट्टी भरा, ओंडके न्या. खासगी मालमत्तेवर घाला म्हणून मॅकडोनाल्डनी तो रद्द केला. मोवॅटनी पुन्हा केला, पुन्हा रद्द, तिसऱ्यांदाही तेच. १८८४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं साम्राज्याचं अखेरचं अपील न्यायालय) कॉल्डवेलच्या बाजूने निकाल दिला, आणि चौथ्या वेळचा कायदा टिकला. वाद काय होता, तर आमच्याकडच्या पऱ्यासारखा जो ओहोळ एरवी ओंडका नेत नाही, बांधकाम केल्यावरच नेतो, त्यावर सर्वांचा हक्क चालतो का? चालतो, असं ठरलं.

हॉज खटला याहून महत्त्वाचा. टोरंटोतल्या खानावळवाल्या हॉजने दारूविक्री बंद असण्याच्या वेळेत बिलियर्डचं टेबल चालू ठेवलं, म्हणून त्याला दंड झाला. व्यापार हा केंद्राचा विषय, प्रांताने दारूचे नियम करावेत कसे, असा त्याचा बचाव. १८८३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की आपल्या हद्दीत प्रांताचं विधिमंडळ पूर्ण सत्ताधारी आहे, कुणाचं मुखत्यार नव्हे. आणि एकच विषय एका बाजूने केंद्राचा, दुसऱ्या बाजूने प्रांताचा असू शकतो. विधिमंडळाच्या पूर्ण सत्तेचं हे तत्त्व याच कौन्सिलने १८७८ मध्ये खासी-जैंतिया टेकड्यांतून आलेल्या बुरा खटल्यात मांडलं होतं, हे आपल्या वाचकांना रंजक वाटेल. पुढे मुंबईच्या दारूबंदी कायद्यावरचा बलसारा खटला (१९५१) आला, तेव्हा आयात केंद्राकडे आणि दारू राज्याकडे हा पेच आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही कायद्याचा मूळ गाभा पाहूनच सोडवला. माडीवाल्यांच्या कोकणात हे नव्याने सांगायला नको.

पश्चिम सीमेचा वादही १८८४ मध्ये ऑन्टारिओच्या बाजूने सुटला. त्यासाठी मोवॅट स्वतः लंडनला उभे राहिले. १८८८ च्या सेंट कॅथरिन्स खटल्यात त्याच भागातलं जंगल प्रांताचं ठरलं. त्या जमिनीबद्दल तिथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांनी १८७३ मध्ये केंद्राशी तह केला होता, तरी खटल्यात ते पक्षकारच नव्हते, आणि जमिनीवरचा त्यांचा हक्क राजाच्या मर्जीवर अवलंबून असल्याचं कोर्टाने लिहिलं. मोवॅटना राज्यांच्या हक्कांचे कैवारी म्हणायचं झालं, तर लेखात हेही यायला हवं.

आपले,
रत्नागिरीतील काही वकील