ज्वालामुखीच्या वाटेवर ज्वालामुखी दिसावा, म्हणून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटन पुरवण्यांत परदेशातल्या, मोटारींचा त्रास नसलेल्या सायकलवाटांवर मजकूर येऊ लागतो. स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कातालोनियातल्या गारोचा या ज्वालामुखी प्रदेशातली ओलोत ते जिरोना ही वाट त्यात हटकून असते. वाट सुंदर आहे, मुलाबाळांना घेऊन जाण्याजोगी आहे. म्हणूनच तिच्याबद्दल दोन चुकीच्या गोष्टी पुन्हा पुन्हा छापून येतात याचे वाईट वाटते. एक, ती सपाट आहे. दुसरी, ती ज्वालामुखींमधून जाते. यावर विसंबून निघालेला माणूस उलट्या दिशेने दिवसभर चढत राहतो. आणि सरळ दिशेने निघाला, तर साधारण 54 किलोमीटर संपवून जिरोनात उतरतो तेव्हा त्याने एकाही विवरात पाऊल टाकलेले नसते.

ही वाट म्हणजे जुन्या आगगाडीचा मार्ग. 75 सेंटिमीटर रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी (तिकडचे नाव ‘कारिलेत’) 1911 मध्ये ओलोतपर्यंत पोहोचली आणि 1969 मध्ये बंद झाली. स्पेनमध्ये 1993 पासून अशा मोडीत निघालेल्या मार्गांच्या ‘विया वेर्दे’, म्हणजे हिरव्या वाटा, करण्याचे काम चालू आहे. त्यांतली ही एक. वाफेच्या इंजिनाला उभा चढ झेपत नाही, म्हणून आखणी करणाऱ्यांनी डोंगराला वळसे देत चढ लांबवर वाटून टाकला. त्याचा फायदा आज सायकलवाल्याला मिळतो. पण हलका चढ म्हणजे सपाटी नव्हे. ओलोत सुमारे 440 मीटर उंचीवर आहे. तिथून लेस प्रेसेस गावावरून वाट कोल द’एन बास या खिंडीपर्यंत चढते. खिंड सुमारे 620 मीटरवर. म्हणजे पहिल्या दहा-अकरा किलोमीटरमध्ये 180 मीटर चढाई. पुढे सांत फेलिऊ दे पालेरोल्स, लेस प्लानेस, आमेर, आंग्लेस करत जिरोनाच्या सत्तर मीटरपर्यंत उतार. शंभर मीटरला सव्वा मीटर, इतकाच. ब्रेकला क्वचित हात लावावा लागतो आणि पायही मोकळे राहत नाहीत. हीच वाट जिरोनाहून धरली तर 43 किलोमीटर न संपणारी चढण लागते. अवघड अशी ती कुठेच नाही, पण लहान मुले आणि भरलेल्या पिशव्या बरोबर असतील तर आमेरच्या पुढे दम निघतो. बसने ओलोतला जाऊन खाली येणे हेच शहाणपणाचे.

आता ज्वालामुखींविषयी. इथल्या निसर्ग उद्यानाची स्थापना 1982 ची. त्यात चाळीसएक शंकू आणि वीसहून अधिक लाव्हाप्रवाह आहेत. दख्खनच्या पठारावर राहणाऱ्याला काळा पाषाण नवा नाही. पण आपल्याकडे लाव्हा भेगांतून वाहून थरावर थर साचला, सुटे शंकू उरले नाहीत. गारोचात प्रत्येक स्फोटाचा स्वतंत्र डोंगर उभा आहे, तोही गर्द झाडीने झाकलेला. त्यामुळे सायकलवरून जाताना तो साध्या हिरव्या टेकडीसारखा दिसतो आणि नजर त्यावरून निघून जाते. पाहण्यासारखे बहुतेक सारे ओलोत आणि सांता पाऊ यांच्या दरम्यान, रेल्वेमार्गापासून बाजूला आहे. त्यासाठी एक अख्खा दिवस वेगळा ठेवावा आणि तो पायी घालवावा.

त्या दिवसाचा क्रमही महत्त्वाचा. सकाळी फाजेदा द’एन जोर्दा हे बीच वृक्षांचे रान पाहावे. क्रोस्कात ज्वालामुखीच्या लाव्ह्यावर ते वाढले आहे. जमीन उंचसखल, जागोजाग लाव्ह्याचे उंचवटे, आणि इतका पाऊस पडूनही आत ओढा नाही, कारण सच्छिद्र खडक पाणी पिऊन टाकतो. मग सांता मार्गारिदा. त्याच्या वर्तुळाकार विवरात गवताळ मैदान आहे आणि मधोमध एक छोटे चर्च. 1428 च्या भूकंपात ते पडले होते, पुढे पुन्हा बांधले. विवराच्या उतारावर सायकल नेऊ नये. भुसभुशीत राखेला चाकाने चर पडते आणि पुढचा पाऊस ती वाहून नेतो. सायकल खाली लावूनच चढावे. शेवटी क्रोस्कात. सुमारे 160 मीटर उंचीचा हा शंकू खडी काढण्यासाठी एका बाजूने कापला गेला. खाणकाम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थांबवले आणि तो काप तसाच राखला. ज्वालामुखीच्या पोटातले लाल, काळे, करडे थर एकावर एक कसे पडले हे पुस्तकातल्या आकृतीपेक्षा तिथे लवकर कळते. मुलांना तर नक्कीच दाखवावा. ही तिन्ही ठिकाणे एका गोल पायवाटेने जोडलेली आहेत. चार तास चालण्याची तयारी हवी. ओलोतहून तिथे जाणारा सांता पाऊचा रस्ता मात्र मोटारींचा आहे, वळणांचा आहे. ‘गाड्यांविना’ हे विशेषण त्याला लागू नाही.

चालणे शक्य नसेल त्यांच्यासाठी दोन जागा. ओलोत गावातच मोंतसाकोपा हा विवर असलेला शंकू आहे. आणि लेस प्रेसेसजवळ, हिरव्या वाटेपासून अगदी थोड्या अंतरावर, ‘पेद्रा तोस्का’ उद्यान आहे. लाव्ह्याचे खडबडीत दगड वेचून शेतकऱ्यांनी रचलेल्या गडग्यांमधून तिथे वाट काढली आहे. काम ओलोतच्याच आरसीआर या वास्तुरचनाकारांचे, ज्यांना 2017 चे प्रित्झकर पारितोषिक मिळाले. कास्तेलफोलित दे ला रोका हे बेसॉल्टच्या कड्यावरचे गाव मात्र उलट दिशेला आहे. सुमारे 50 मीटर उंच आणि जवळजवळ एक किलोमीटर लांब असा तो कडा दोन लाव्हाप्रवाहांचा आहे, एक 2 लाख 17 हजार वर्षांपूर्वीचा, दुसरा 1 लाख 92 हजार. गावात उभे राहून कडा दिसत नाही. नदीपाशी उतरून वर पाहावे.

वाटेच्या पृष्ठभागाविषयी लेखांत अवाक्षर नसते, आणि बहुतेकांची फजिती तिथेच होते. वाट बव्हंशी दाबलेल्या मुरमाची आहे, डांबरी नव्हे. शर्यतीच्या सायकलीचे 25 मिलिमीटरचे टायर इथे सरकतात. 35 ते 40 मिलिमीटरचे, बारीक नक्षीचे टायर योग्य. स्वार सत्तर किलोचा आणि सामान बारा-पंधरा किलो असेल, तर 40 मिलिमीटरच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये मागे 42 आणि पुढे 35 पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी. जास्त भरली तर चाक खड्यांवर उडते आणि मनगटे दुखतात. कमी भरली तर मुळांवर वा कडेच्या दगडावर ट्यूब रिमखाली चिमटून तिला शेजारीशेजारी दोन भोके पडतात. अशी जोडभोके दिसली की काटा शोधत बसू नये, हवा वाढवावी.

मुरमात गारगोटीचे कण असतात. कोरड्यात ते निरुपद्रवी, पण पावसात त्यांची लापशी होऊन चेनला आणि ब्रेकला लागते आणि पॉलिश कागदासारखी घासते. रिम ब्रेकचे रबरी गुटके एका ओल्या दिवसात निम्मे झिजू शकतात, म्हणून एक जोड जवळ असावा. चेनवर घट्ट तेलाचा थर देऊ नये, त्याला माती चिकटते. थेंब-थेंब देऊन, पाच मिनिटे पेडल उलटे फिरवून, वरचे सगळे फडक्याने पुसून टाकावे. तेल लागते ते चेनच्या कड्यांच्या आत. आणखी एक बारीक पण हमखास त्रास कॅरिअरच्या स्क्रूंचा. कंपनाने ते सैल होतात. रोज सकाळी चार आणि पाच मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरवून पाहावेत. एक गळून पडला की सगळा भार उरलेल्यावर येतो आणि तो तुटतो. तुटलेला तुकडा फ्रेममधून काढणे वाटेवर जमत नाही.

भाड्याची सायकल घेणाऱ्यांनी ताब्यात घेताच दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहावेत. तिकडे बहुधा डावी मूठ पुढच्या चाकाची असते, आपल्याकडे उजवी. सुट्या मुरमावर सवयीने चुकीची मूठ आवळली की पुढचे चाक निसटते. त्यात वाहतूकही उजव्या बाजूची. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचे हे मुलांकडून निघण्यापूर्वी घोकून घ्यावे. कारण ही वाट संपूर्णपणे गाड्यांविना नाहीच. ती गावांतून जाते, काही ठिकाणी मोठे रस्ते ओलांडते, जिरोना शहरात शिरताना वर्दळ लागते. हिरव्या वाटेवर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला. गावाबाहेरच्या रस्त्यांवर मोठ्यांनाही हेल्मेट सक्तीचे आहे आणि 16 वर्षांखालील मुलांना सगळीकडे. मदतीसाठी 112.

विद्युत सायकल विमानाने नेण्याचा विचार कोणी करू नये. 160 वॉट-तासांहून मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि या सायकलींच्या बॅटऱ्या त्याहून बऱ्याच मोठ्या असतात. ओलोत आणि जिरोनात सायकली भाड्याने मिळतात. बार्सिलोना ते जिरोना वेगवान गाडी चाळीस मिनिटांच्या आत पोहोचवते, पण सुटी न केलेली अख्खी सायकल तीत चालत नाही. त्यासाठी प्रादेशिक गाडी धरावी, वेळ दुप्पट लागतो. ओलोतच्या बसमध्ये सायकली किती मावतील ते आदल्या दिवशी विचारून ठेवावे.

ऋतू निवडताना तिकडची एक म्हण उपयोगी पडते: ओलोतला पाऊस नसेल तर कुठेच नसतो. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस चांगले. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा खिंड सकाळीच ओलांडावी. ऑक्टोबरअखेर बीचची पाने पिवळी होतात आणि त्या रानात गर्दीही होते. दुपारी दोन ते पाच गावांतली दुकाने बंद असतात. पाणी आणि खाणे त्याआधी घ्यावे.

वेळ असेल त्यांनी जिरोनाहून सांत फेलिऊ दे गिशोल्सपर्यंत, म्हणजे थेट समुद्रापर्यंत, दुसऱ्या कारिलेतच्या वाटेने आणखी साधारण 40 किलोमीटर जावे. मात्र ‘पिरिनेक्सस’ या 353 किलोमीटरच्या वर्तुळाकार सायकलमार्गाचा नकाशा पाहून ओलोतहून सांत जोआन दे लेस आबादेसेसकडे सहज वळू नये. नकाशात सगळी रेघ सारखीच दिसते, पण तो टप्पा जुन्या रेल्वेवरचा नाही. मध्ये हजार मीटरहून उंच सांतिगोसा खिंड आहे आणि चढ घाटरस्त्याचा आहे.

आपल्या पुरवणीला विनंती आहे की अशा वाटेवर पुढचा लेख छापताना छायाचित्रांमधले एक कमी करावे आणि त्या जागी चढ-उताराचा छोटा आलेख द्यावा. खाली तीन ओळी द्याव्यात: पृष्ठभाग कशाचा, कोणत्या टोकाने निघावे, मोटारींचा रस्ता नेमका कुठे लागतो.

कळावे,
एक सायकलप्रवासी वाचक