तुरीवरचे हिंगे वेचायला हात हवेत

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, आणि कामाधंद्यासाठी शहरात असलेल्या आपल्या गावकऱ्यांनो,

तूर फुलोऱ्यात आली आणि हिंगे आले. कुणी यांना सोसेही म्हणतं. इंचभर लांब भुंगेरा, काळ्या पंखांवर नारिंगी-लाल आडवे पट्टे, बारीक मान, खाली झुकलेलं डोकं. परवा शाळेमागच्या जास्वंदीच्या एकाच फुलात आम्ही पाच मोजले. कडेकडेने पाकळी कुरतडत ते आत शिरले आणि पुंकेसरांवर आले. तोंडाला, पायांना पिवळे परागकण चिकटलेले. तासाभराने देठाजवळ पाकळीचा जेमतेम तुकडा उरला होता. तुरीवर, भेंडीवर, चवळी-उडदावर हेच चालतं. फूलच गेलं तर शेंग कुठून धरणार?

म्हणून शेतकरी पंप काढतो. त्याचा राग आम्हाला कळतो. पण हिंगे ज्या फुलावर बसतात, त्याच फुलावर मधमाशीही येते. गेल्या आश्विनात एका शेतात भर फुलोऱ्यात, ऊन चढल्यावर फवारणी झाली. संध्याकाळी बांधावर मधमाश्या मरून पडल्या होत्या. शेजारच्या भोपळ्याच्या वेलावर नर-मादी फुलं वेगवेगळी असतात. माशीच नसेल तर फळ धरत नाही.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. हिंग्यांची मादी मातीत अंडी घालते. त्यातून निघालेली पहिल्या अवस्थेतली अळी पायांनी भराभर धावत जमिनीत नाकतोड्यांची अंडी शोधते. ती सापडली की तिथेच राहून खाते, कात टाकत टाकत जाड, सुस्त होते. म्हणजे फुलावर जो आपला वैरी, तोच लहानपणी मातीत नाकतोडे कमी करतो. त्यामुळे आमच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचं म्हणणं असं: पिकावरचे हिंगे वेचावेत, बांधावरच्या रानफुलांवरचे राहू द्यावेत.

वेचायचे, पण उघड्या हाताने कदापि नाही. डिवचला की हिंगे पायांच्या सांध्यांतून पिवळा द्रव सोडतो. त्यातल्या कँथरिडिन या विषाने काही तासांत कातडीवर पाण्याचे फोड येतात. (1810 साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पिएर रोबिके यांनी याच कुळातल्या युरोपी किड्यातून हे द्रव्य वेगळं काढलं.) पाखरंही त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत; तो भडक रंग त्यांच्यासाठीच आहे. मेलेल्या, वाळलेल्या किड्यातही विष राहतं, म्हणून चाऱ्यात एकही जाता कामा नये. जनावराच्या जिवावर बेततं. अंगाला द्रव लागलाच तर साबणाने धुवा, फोड फोडू नका. डोळ्याला लागला तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच दवाखान्यात जा.

आता मागणं. येत्या रविवारपासून तीन आठवडे रोज सकाळी साडेसहाला मारुतीच्या देवळापाशी जमायचं आहे. दव असतं, गारठ्याने किडे सुस्त असतात, तेव्हाच ते झटपट डब्यात पडतात. घरटी एक माणूस आला तरी पुष्कळ. लहान मुलांना वेचायला आणू नका. मोठ्या मुलांनी मोबाईलवर फोटो काढून कुठल्या फुलावर किती दिसले ते लिहावं. ही माहिती आपल्या लोकजैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांच्या आणि जीवजंतूंच्या वहीत, जाईल. 2002 च्या जैवविविधता कायद्याने ही वही ठेवणं आपलंच काम ठरवलं आहे.

रबरी हातमोजे, कपड्याच्या जाळ्या, झाकणाचे जुने डबे आणि साबण लागेल. हातमोजे लवकर फाटतात, त्यासाठीच पैसे हवेत. शहरातल्या मंडळींनी पाच-दहा जोड घेऊन पाठवले तरी चालेल. रोख रक्कम ग्रामपंचायत कार्यालयात द्या आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. हिशेब फलकावर लागेल. ज्या मायमाउल्या स्वतःची मजुरी बुडवून वेचायला येतील, त्यांच्या चहा-नाश्त्याची सोय कुणी उचलली तर फार बरं होईल.

आणि ज्यांच्या शेतात फवारणी ठरली आहे, त्यांनी आधी समितीला एक निरोप द्या. आम्ही तुमचं शेत पहिल्यांदा वेचून देऊ.

आपली,
जैवविविधता व्यवस्थापन समिती