हिरवं झाडही उपाशी असतं : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी पाण्यावाचून झालेल्या नुकसानीसाठी माझ्या बागेचा पंचनामा झाला. मोसंबीची 210 झाडं, 14 वर्षांची, आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा. झाडांखाली सुपारीएवढ्या फळांचा खच पडलेला. आलेल्या कर्मचाऱ्याने बांधावरूनच नजर फिरवली आणि बाधित झाडांच्या रकान्यात शून्य लिहिलं. म्हणाला, "झाड हिरवं आहे, सर. वाळलं म्हणून कसं लिहू?"

मी 28 वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. त्याला दाखवायचं म्हणून सकाळीच दोन फांद्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. दारातलं झाड न्हाणीच्या पाण्यावर जगतं. त्याची पिशवी अर्ध्या तासात आतून घामेजली, थेंब ओघळले. बागेतल्या झाडाची दुपारपर्यंत कोरडी ठाक. त्याने पाहिलं नाही. म्हणून आता तुम्हाला सांगतो.

पाणी शेंड्याला चढवायला झाडात पंप नसतो. पानाच्या पाठीवरच्या बारीक रंध्रांतून पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना मागच्या पाण्याला ओढतं. मुळापासून पानापर्यंत जलवाहिन्यांत पाण्याची एकच ताणलेली दोरी असते. डिक्सन आणि जॉली यांनी हे 1894 सालीच मांडलं. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं शेकडा 95 हून जास्त असंच हवेत जातं, आणि ते वाया जात नाही. एक लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला आणायला 70 किलोकॅलरी लागतात. तेच लिटर पानातून वाफ होताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. आमच्याकडच्या मे महिन्यात पान तग धरतं ते त्याच्या जोरावर.

माती कोरडी पडली की झाड रंध्रं मिटून घेतं. दोरी तुटू नये, जलवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरू नये म्हणून. पण अन्न शिजवायला लागणारा कार्बन डायऑक्साइड आत येतो तोही याच दारातून. दार लागलं की पाणी वाचतं आणि चूल विझते. गारवा जातो, पान भोवतालच्या हवेपेक्षा जास्त तापतं, आणि साठवलेली साखर श्वसनात जळत राहते. हरितद्रव्य मात्र लगेच जात नाही. झाड हिरवंच दिसतं आणि आधी पोटचं फळ टाकतं.

आता माझं ऐका. डिसेंबरच्या सभेत तुम्ही माईकवरून सांगितलंत की एप्रिलमध्ये कालव्याला आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटेल. फुलं यावीत म्हणून बागेचं पाणी मुद्दाम तोडून ताण दिला होता; त्या शब्दावर मी पाणी देऊन तो तोडला, बहार धरला. नसता धरला तर झाडांवर एवढा भार तरी पडला नसता. आमच्या चारीला, कालव्याच्या शेताकडे येणाऱ्या फाट्याला, आजपर्यंत थेंब आलेला नाही. झाडाला दिवसाला 100 लिटर लागतं, म्हणजे बागेला 21 हजार. माझा 10 हजार लिटरचा टँकर आठवड्यातून दोनदा येतो. एका दिवसाचंही पोट भरत नाही, ते आठवडाभर पुरवायचं. बायकोच्या पाटल्या त्या टँकरमध्ये गेल्या. 2013 च्या दुष्काळात ही झाडं लहान होती, आम्ही दोघांनी घागरीने जगवली. आज माझे गुडघे वाकत नाहीत आणि तुमच्या कागदावर माझं नुकसान शून्य आहे.

हा एका कर्मचाऱ्याचा दोष नाही. त्याला रकानाच दोन दिलेत, हिरवं आणि वाळलेलं. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी झाडं लावायचं ठरवलं. खड्डे मोजले, रोपं मोजली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना पाणी कोण घालणार, हे आमच्या गावात कुणी विचारायलाही आलं नाही. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा कुठे मराठवाड्याची तहान राज्याला दिसली. इथे माणूससुद्धा दोरी गळ्याला लागल्यावरच यादीत येतो. उभा आहे तोवर तो बाधित नसतो.

पंचनामा पुन्हा करा. झाडाखालची गळ मोजा, शेवटचं पाणी कोणत्या तारखेला मिळालं ते लिहा. आवर्तनाची तारीख लेखी द्या, सभेत नको.

पिशव्या मी काढलेल्या नाहीत. माणूस पाठवाल तर सकाळी नऊच्या आत पाठवा, पाणी मिळालेल्या झाडाची रंध्रं तेव्हा उघडी असतात. अर्धा तास थांबायला सांगा. चहा आमच्याकडे.

आपला,
एक मोसंबी उत्पादक, निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. अंबड, जि. जालना