बाबा, किल्लीतला सेल उतरलाय

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "माझ्या बोटांतच आता जोर राहिला नाही, बटण दाबलं तरी गाडी उघडत नाही." आणि पुढे काही न बोलता त्यांनी फोन आईकडे दिला. चार दिवस गाडी जागची हललेली नाही, हे मला आईकडून कळलं. तेव्हापासून बाबांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरायला होतं, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. वाचून झालं की हा कागद घरातच, फोनजवळ ठेवा. गाडीत ठेवलात तर नेमका हवा तेव्हा तो आत कुलूपबंद असेल.

बाबा, तुमच्या बोटांचा यात काही संबंध नाही. आठवून बघा, महिन्यापूर्वी तुम्हीच मला सांगितलं होतंत की आधी लांबूनही गाडी उघडायची, हल्ली अगदी दारापाशी जाऊन दाबावं लागतं. सेल उतरायला लागला की असंच होतं, अंतर हळूहळू कमी होत जातं. एखादं बटण झिजलं असतं तर तेवढंच चाललं नसतं, बाकीची चालली असती. तुमची उघडायचं, लावायचं आणि डिकीचं अशी तिन्ही एकदम मंदावली. आई, तूही म्हणालीस की किल्लीवरचा लाल ठिपका आधी मिणमिणायचा आणि आता लागतच नाही. तोही त्याच सेलवर चालतो.

तरी खात्री करून घ्या. कपाटातली दुसरी किल्ली काढा आणि गाडीजवळ जाऊन दाबा. तिने दार उघडलं, तर गाडीत काही बिघाड नाही, दोष पहिल्या किल्लीत आहे. तिनेही नाही उघडलं, तरी घाबरू नका. तिचा सेलही तितकाच जुना आहे आणि अशा किल्ल्यांचा सेल कपाटात पडूनसुद्धा झिजतो. गाडी हाक मारते का, हे ती किल्ली सतत ऐकत असते.

आई, तू विचारलंस की बाबा गाडीजवळ उभे राहिले आणि तू वरून दुसरी किल्ली फोनला लावून दाबलीस तर दार उघडेल का. हे खूप जण सांगतात, पण तसं होत नाही. फोनमधून जातो तो आवाज. किल्ली बोलते रेडिओलहरींनी, बहुतेक गाड्यांत ४३३ किंवा ३१५ मेगाहर्ट्झवर, आणि त्या लहरी फोनच्या माइकमध्ये शिरत नाहीत. टीव्हीच्या रिमोटसारखं मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघूनही ही किल्ली तपासता येत नाही. तो रिमोट प्रकाशावर चालतो, ही किल्ली नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. सेल पूर्ण मेला तरी तुम्ही गाडीबाहेर अडकणार नाही. या किल्लीच्या पोटात एक खरी धातूची किल्ली आहे. कडेला एक छोटी कळ असते, ती सरकवून धरली की वरच्या कडीकडचा भाग ओढून बाहेर येतो. चालकाच्या दाराच्या हँडलपाशी किल्लीचं भोक आहे. काही गाड्यांत ते प्लास्टिकच्या टोपणाखाली लपलेलं असतं आणि टोपणाच्या खालच्या बाजूला एक बारीकशी खाच असते. त्या खाचेत हीच किल्ली घालून हलकं उचकटलं की टोपण सुटतं. हे उद्या दिवसाउजेडी, सावकाश, एकदा करून बघा. रात्री पावसात पहिल्यांदा ते भोक शोधायची वेळ तुमच्यावर यायला नको.

असं दार उघडल्यावर गाडी बोंबलू शकते. बोंबलू दे. तुम्ही शांतपणे आत बसा, ब्रेकवर पाय ठेवा, किल्लीची पाठ थेट स्टार्टच्या बटणाला टेकवा आणि किल्लीनेच बटण दाबा. गाडी चालू होईल आणि भोंगाही थांबेल. किल्लीत आणखी एक बारीक चिप असते, तिला सेल लागतच नाही. बटणाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला जागं होण्यापुरती वीज हवेतूनच मिळते, म्हणून अगदी टेकवावं लागतं. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, स्टिअरिंगच्या दांड्यापाशी किंवा कप ठेवायच्या खळग्यात. गाडीच्या पुस्तकात तिचं चित्र दिलेलं आहे. ते पान दुमडून ठेवा.

सेल बदलणं तुम्हाला घरी जमेल. नवा आणण्याआधी जुना काढून त्याच्या पाठीवरचा आकडा वाचा. बहुतेक सीआर २०३२ असेल. म्हणजे ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. शेजारीच सीआर २०२५ मिळतो. दिसायला तसाच, रुंदीही तीच, पण जाडी २.५ मिलिमीटर. तो खाचेत बसतो, पण सैल राहतो आणि किल्ली हलली की संपर्क तुटतो. मग आज चालतेय, उद्या नाही, असा खेळ सुरू होतो. म्हणून नुसतं "किल्लीचा सेल द्या" म्हणू नका, आकडा सांगा.

धातूची किल्ली काढली की तिच्या खाचेत एक चीर दिसेल. चपट्या पेचकसाच्या टोकाला फडक्याचा एक पदर गुंडाळा, त्या चिरेत घालून अलगद पिळा, दोन्ही कवचं सुटतील. उघडताना टेबलावर पांढरा रुमाल अंथरा, बाबा. काही किल्ल्यांत ती चिप सुटी, तांदळाच्या दाण्याएवढी असते. ती घरंगळून हरवली तर दार उघडेल, पण गाडी चालू होणार नाही. आई, तू आधी मोबाइलवर आतला फोटो काढून ठेव, सेलची कुठली बाजू वर होती ते दिसेल असा. अधिकाचं चिन्ह पुन्हा तिकडेच यायला हवं. नवा सेल कडेने धरा, धातूच्या चिमट्याने दोन्ही बाजू एकदम पकडू नका. बसवण्याआधी कोरड्या कापडाने पुसा आणि खालच्या पितळी पट्ट्या दबल्या असतील तर नखाने किंचित उचला. हिरव्या पट्टीला हात लावायची गरज नाही. मग कवचं चारी बाजूंनी टक् असा आवाज येईपर्यंत दाबा.

जुन्या सेलबद्दल मी अगदी कळकळीने सांगतेय. तुमची नात पुढच्या महिन्यात येणार आहे आणि तिला दिसेल ते तोंडात घालायची सवय आहे. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही आतून भाजतं, आणि सुरुवातीला मूल रडेलच असं नाही. उतरलेला सेलही धोक्याचाच. काढल्याबरोबर दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा, नव्या सेलच्या पाकिटासकट वरच्या कप्प्यात ठेवा आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करतात तिथे द्या. कधी नुसती शंका आली, तरी वाट न बघता सरळ दवाखाना गाठायचा.

नव्या सेलवर लाल ठिपका लागला आणि तरी गाडी गप्पच राहिली, तर दुसरी शक्यता आहे. दर दाबण्याला किल्ली नवा सांकेतिक आकडा पाठवते आणि गाडी पुढचे ठरावीकच आकडे ओळखते. गाडीपासून लांब, घरात बसून बटण फार वेळा दाबलं गेलं तर किल्ली पुढे निघून जाते आणि गाडी मागे राहते. दहा-वीस वेळांनी काही होत नाही. झालंच तर दोघांची पुन्हा ओळख करून द्यावी लागते, त्याची रीत पुस्तकात आहे. तेवढ्यासाठी नवी किल्ली घ्या असं कुणी सांगितलं तर आधी मला विचारा. आणि एकाच ठिकाणी किल्ली चालत नसेल, बाकी सगळीकडे चालत असेल, तर त्या जागी कसल्या तरी लहरींचा अडथळा असतो. तिथेही किल्ली बटणाला टेकवून गाडी चालू होते.

दोन्ही किल्ल्या सेल बदलूनही चालल्या नाहीत, आतला दिवाही मंद लागला, तर गाडीची मोठी १२ व्होल्टची बॅटरी बसली आहे. मग तुम्ही काही करू नका, मेकॅनिकला बोलवा.

आणि किल्ली गाडीपासून चार-पाच मीटर तरी लांब ठेवत जा. गाडीला लागूनच भिंत असेल आणि त्या भिंतीच्या खुंटीवर किल्ली लटकत असेल, तर दोघींचं रात्रभर बोलणं चालतं आणि सेल लवकर संपतो.

मला गाडी शिकवताना तुम्ही कुलूप लावल्यावर दर वेळी हँडल ओढून बघायचात, बाबा. दोनदा. मीही तसंच करते. सेल बदलून झाला की गाडीपाशी उभे राहा, मला फोन लावा आणि फोन दाराजवळ धरून बटण दाबा. आवाज तर फोनमधून येतो. कुलूप उघडलेलं मला ऐकायचंय.

तुमची,
लेक